वाकडी चकती

क्षणभर डोळे मिटा बघू. अगदी घट्ट. पापण्यांच्या फटीतून बघायचं नाही, मला कळतं.

आता असं समजा, की तुमच्यासमोर टेबलावर एक जुनं मशीन ठेवलंय. तुम्हाला ते विकत घ्यायचंय. पण बघायचं नाही, विचारायचं नाही, नुसता हात लावायचा. लावा हात. गार लागलं का? की कोमट? सकाळपासून कुणी हातच लावला नसेल तर लोखंड गार लागायला हवं, हो ना? मग हे कोमट कसं? तुम्ही यायच्या आधी कुणी ते चालवलं? आणि कशासाठी?

उघडा डोळे. एवढ्याशा कोमटपणावरून एका मुलीनं एका भल्या माणसाला लबाड ठरवलं होतं, त्याची ही गोष्ट.

मुलगी होती अकरा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं, पण घरीदारी सगळे तिला पक्कड म्हणायचे. कारण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, हा तिचा स्वभाव. प्रश्न धरला तर उत्तर मिळेपर्यंत, आणि हट्ट धरला तर समोरच्याला घाम फुटेपर्यंत. शिवाय ती डावखुरी होती. कात्री, डबे उघडायचं यंत्र, जिन्याचा कठडा, सगळं जग उजव्यांनी स्वतःच्या सोयीनं बनवलंय अशी तिची जुनी तक्रार होती.

तिच्या आजोबांचं घरामागे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, एक खिडकी आणि भिंतभर टांगलेले पाने. पाण्याचे पंप, गवत कापायची यंत्रं, साखळी-करवती असली छोट्या इंजिनांची यंत्रं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायची. आजोबा त्यांना 'माझी माणसं' म्हणायचे. साखळी-करवत म्हणजे इंजिनावर चालणारी करवत. लांब पट्टीभोवती दात असलेली साखळी गरगर फिरते आणि लाकूड कापत जाते. पक्कड शाळेतून आली की दप्तर टाकून त्या खोलीत. दोन वर्षांत ती आजोबांच्या हाताखाली इतकं शिकली होती, की इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघून इंजिनाची तब्येत सांगायची. चालू मशीनला हात लावायची मात्र तिला सक्त मनाई होती आणि तो नियम तिनं कधी मोडला नव्हता.

त्या शनिवारी आजोबांच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. दोन दिवसांपूर्वीच मोतीबिंदू काढला होता. डावा डोळा तसा नावालाच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं : आठ दिवस धूळ नको, वाकणं नको, दुकानाचं नावसुद्धा नको. आणि नेमकं त्याच शनिवारी आत्याला मशीन बघायला जायचं होतं.

आत्या झाडांची कामं करायची. घरावर झुकलेली फांदी, तारांत घुसलेला शेंडा, असलं सगळं दोर बांधून, तोल सांभाळून, खालच्या फुलझाडालाही धक्का न लावता उतरवायची. नऊ वर्षं तिनं एका कंत्राटदाराच्या हाताखाली काढली. गेल्या महिन्यात हिंमत केली आणि स्वतःचं काम सुरू केलं. पहिलंच काम मिळालं शाळेच्या आवारातल्या सात झाडांचं. सोमवारी सकाळी सुरुवात. मुख्याध्यापिकाबाईंनी अट एकच घातली होती : "मशीन तुमचं स्वतःचं हवं. मागच्या वेळी एकानं उसनं आणलं होतं. मालक मधेच घेऊन गेला आणि अर्धं झाड महिनाभर तसंच लोंबत राहिलं."

नवं मशीन तीस हजारांचं. आत्याजवळ होते दहा. सोमवारपर्यंत चांगलं जुनं मशीन मिळालं तर काम तिचं, नाहीतर पुन्हा कंत्राटदाराच्या दारात उभं राहायचं. आणि तो दार उघडताना कसा हसेल, ते आत्याला आत्तापासूनच दिसत होतं.

हार्डवेअरच्या दुकानातल्या फळ्यावर तिला एक चिठ्ठी दिसली होती. "साखळी-करवत विकणे आहे. आठ हजार. आधी बघावे, मग बोलावे." खाली पत्ता.

"मी काही यायचा नाही," आजोबा खाटेवर बसून म्हणाले. "माझे डोळे म्हणून हिला घेऊन जा."

"हिला?" आत्या म्हणाली. "आबा, ही तोंडाची फटकळ आहे."

"तोंडाची असेल. डोळ्यांची नाही." आजोबांनी हात पुढे करून पक्कडचं डोकं चाचपलं. "काय गं, पहिला नियम कोणता?"

"आधी हात लावायचा, मग किंमत विचारायची."

"का?"

"गार इंजिन सुरू करून बघितल्याशिवाय त्याचं खरं कळत नाही. दुखणं असलं की ते गार असतानाच कुरकुरतं. लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी गुपचूप गरम करून ठेवतो."

आजोबांना हा नियम फुकट मिळाला नव्हता. तरुणपणी त्यांनी एक मशीन घेतलं होतं. विकणाऱ्याच्या अंगणात ते एका झटक्यात सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाळीस वेळा दोरी ओढली. "शेवटी माझाच श्वास बंद पडायची वेळ आली," असं ते सांगायचे. तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे ते प्रत्येक मशीनला आधी हात लावायचे.

"आणि शेवटचा नियम?"

"वर्षभरानं घेणारा आणि विकणारा रस्त्यात समोरासमोर आले, तर दोघांपैकी कुणालाही रस्ता ओलांडून पलीकडे जावंसं वाटू नये. तीच वाजवी किंमत."

"जा आता," आजोबा म्हणाले. त्यांनी आपली कापडी पिशवी तिच्या गळ्यात अडकवली. पिशवीत पाना, बॅटरी, खडू, गोल कानस आणि चार कोरे कागद.

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. बुटकं घर, पुढे फरसबंदी अंगण, एका कडेला ओंडक्यांची नीट रचलेली रास. दारात एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ वाट बघत उभे होते. मिशा इतक्या भरघोस की तोंड आहे की नाही ते बोलल्यावरच कळायचं. आपण त्यांना मिशीवाले काका म्हणू. चाळीस वर्षं त्यांनीही झाडंच उतरवली होती. उजव्या मनगटाला त्यांनी लोकरी पट्टा गुंडाळला होता.

"या. वेळेवर आलात," ते म्हणाले आणि त्यांनी कामाच्या टेबलावरच्या लाकडी पेटीचं झाकण काढलं.

आत मशीन होतं. नारिंगी रंग जागोजागी उडालेला, पण धुळीचा कण नाही. पट्टी चकचकीत, मुठीचं रबर पुसलेलं, इंजिनाच्या पापुद्र्यांसारख्या कडांमधलीही घाण ब्रशनं काढलेली. आत्याचा चेहरा उजळला. पक्कडचा मात्र आक्रसला. इतकं स्वच्छ? तिनं आजोबांच्या सवयीनं पुढे होऊन डावा तळवा इंजिनाच्या कडेला टेकवला.

कोमट होतं.

आता बघा, इथे ती क्षणभर थांबली असती, "काका, सकाळी चालवलं होतं का?" एवढंच विचारलं असतं, तर ही गोष्ट फार छोटी झाली असती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आत्या, चल," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "गरम करून ठेवलंय. म्हणजे लपवालपवी आहे."

आत्यानं तिचा दंड इतक्या जोरात दाबला, की तिथे चार बोटं उमटली असणार. मिशीवाल्या काकांनी पेटीचं झाकण उचललं, जागेवर बसवलं आणि दोन्ही कड्या लावल्या. एक. दोन.

"विकायचं नाही," ते म्हणाले.

"काका, लहान आहे हो ती," आत्या गडबडून म्हणाली. "तिचं मनावर नका घेऊ."

"लहान आहे म्हणूनच घेतलं. लहान मूल घरी जे ऐकतं तेच बोलतं. तुमच्या घरी लबाडच येत असतील, म्हणून मीही लबाड." ते पाठ फिरवून ओंडक्यांच्या राशीकडे निघून गेले.

आत्याच्या डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला. तिनं पक्कडकडे बघितलं, पण रागावली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. रागावलेल्या आत्याला पक्कड तोंड देऊ शकायची. गप्प आत्यासमोर तिला आपले पाय कुठे ठेवावेत तेही कळेना.

तेवढ्यात घरातून काकू आल्या. बुटक्या, गोल, हातात पाण्याचे दोन पेले. त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"घ्या पाणी," त्या म्हणाल्या. "आणि तू गं, चिमुरडे, इकडे ये. मशीन गरम का झालं ते बघायचंय ना?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फडकं झाकून काहीतरी ठेवलं होतं. काकूंनी फडकं उचललं. खाली लाकडाची एक गोल चकती होती, ताजी कापलेली. अजून ओलसर, भुसा चिकटलेला, रसाचा वास येणारी.

"बघ कशी आहे."

पक्कडनं ती हातात घेतली. एका कडेला चकती तीन बोटं जाड होती, समोरच्या कडेला जेमतेम दीड.

"वाकडी आहे," ती म्हणाली.

"वाकडीच. दोन वर्षं मशीन असंच वाकडं कापतंय. सकाळी उठून यांनी मुद्दाम ओंडका लावला आणि ही कापली. का? तर येणाऱ्या माणसाला आधी खोट दाखवायची, मग किंमत बोलायची. मी म्हटलं, अहो, निदान चार शब्द बोलून मग दाखवा. तर म्हणे, नाही, आधी बघावे. चिठ्ठीत तेच तर लिहिलंय. आणि तू म्हणतेस लपवालपवी!"

पक्कडचे कान तापले. इंजिनापेक्षा जास्त. ती चकती तशीच हातात धरून राशीजवळ गेली.

"काका," ती म्हणाली. या वेळी आवाज खणखणीत नव्हता. "माझं चुकलं. मी गरम आहे एवढंच बघितलं. का गरम आहे ते विचारलं नाही. आजोबांनी असं शिकवलेलं नाही. ते माझं मीच."

काकांनी मिशी चोळली. "काय करतात आजोबा?"

"मशीनं दुरुस्त करतात. डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून मला पाठवलं."

"हं. हात लावून बघणं बरोबरच आहे त्यांचं," काका थोडे सैल झाले. "मीही तेच केलं असतं. फक्त तोंड जरा मागून उघडलं असतं. जाऊ दे. जा आता."

पण पक्कड जाईना. ती चकती उलटीसुलटी करत होती. जाड कड, पातळ कड. पुन्हा जाड कड. तुम्हाला सांगितलंच आहे, एकदा धरलं की सोडायचं नाही.

झालं होतं असं, की अशी वाकडी चकती तिनं आधी बघितली होती. आपल्याच हातची. आजोबांनी तिला साखळीच्या दातांना कानस मारायला शिकवलं, तेव्हा तिनं धार लावलेल्या पहिल्या साखळीनं आजोबांनी एक ओंडका कापून बघितला होता आणि ते पोट धरून हसले होते. "अगं, ही करवत आहे की रस्ता चुकलेली म्हैस? एकाच बाजूला चाललीये!" साखळीला एक दात डावीकडचा, एक उजवीकडचा, असे आळीपाळीनं दात असतात. तिचा डावा हात एका बाजूच्या दातांवर छान बसायचा, दुसऱ्या बाजूला नुसता घसरायचा. त्यामुळे एका बाजूचे दात घासून आखूड झाले, दुसरे लांब राहिले. आणि ज्या बाजूचे दात लांब, त्या बाजूला करवत ओढत जाते. ही चकती तशीच होती, फक्त उलट्या बाजूला वाकडी. जणू तिचीच चकती आरशात बघावी.

"काका, मशीन तुम्ही पडताळून बघितलंत? पट्टी वाकलीये का?"

"दोनदा सरळ केली. नवीनही घालून बघितली. तरी तेच. म्हातारं झालं ते, माझ्यासारखं. म्हणून तर आठ हजार लावले."

"मला साखळी बघू द्याल? घ्यायला नाही. नुसती बघायला."

काकांनी आत्याकडे बघितलं, आत्यानं काकूंकडे, काकूंनी आकाशाकडे. शेवटी काकांनी कड्या उघडल्या. पक्कडनं आधी प्लगची टोपी काढून ठेवली, म्हणजे मशीन चुकूनही सुरू होऊ नये, आणि कागदाचा एक कोपरा फाडला. उजवीकडच्या एका दाताच्या लांबीइतकी खूण तिनं कागदावर केली. मग तो कागद शेजारच्या डाव्या दाताला लावला. दात खुणेच्या पुढे गेला. जवळजवळ गव्हाच्या दाण्याइतका पुढे. पुढचा उजवा बरोबर खुणेवर. पुढचा डावा पुन्हा पुढे. पंधरा उजवे, पंधरा डावे. सगळ्यांची एकच कथा.

तिनं मान वर केली आणि मग तिला कळलं, की आता जे बोलायचं ते फार अवघड आहे. खोट मशीनमध्ये नाही, तुमच्या हातात आहे, असं चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला कसं सांगायचं? शिवाय दुसरंही एक होतं. ते आत्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आत्याच्या ते कधीच लक्षात आलं होतं. मशीन चांगलं आहे हे कळल्यावर काका ते विकतील कशाला? आणि विकलंच तर आठ हजारांत कशाला?

पक्कडनं आत्याकडे बघितलं. आत्यानं मोठा श्वास घेतला आणि मान हलवली. सांग.

"काका, तुमचं मनगट कधीपासून दुखतंय?"

"मनगटाचा काय संबंध? झाली असतील दोन वर्षं."

पक्कडनं कागद त्यांच्या हातात दिला. काकांनी चष्मा पुसला. एक दात मोजला, दुसरा मोजला, तिसरा. मग त्यांनी हवेतच कानस धरल्यासारखा हात केला आणि मनगट एकीकडे वळवलं. वळलं. दुसरीकडे वळवलं. अर्ध्यावरच थांबलं. त्यांनी पुन्हा वळवून बघितलं. पुन्हा तिथेच थांबलं.

"म्हणजे डाव्या दातांवर माझी कानस नुसती फिरत होती," ते हळू म्हणाले.

"घ्या!" काकूंनी कपाळाला हात लावला. "नाचता येईना अंगण वाकडं! दोन वर्षं त्या बिचाऱ्या मशीनला शिव्या ऐकाव्या लागल्या. मला वाटायचं, त्या मलाच चालल्यात."

काकांच्या मिशा थरथरल्या. पक्कड घाबरली. पण मिशांखालून हसू आलं. आधी थोडं, मग खोकला येईपर्यंत.

"म्हातारं नाही झालं ते," ते मशीनवर थाप मारत म्हणाले. "अजून तरुण आहे लेकाचं! मीच एकटा म्हातारा." मग ते एकदम गंभीर झाले. "पण हे तुझं म्हणणं झालं. दात सारखे केल्यावर सरळ कापलं, तर मानेन."

"कोण करणार सारखे?" आत्या म्हणाली. "तुमचं मनगट वळत नाही. माझाही हात उजवाच. डाव्या दातांशी माझंही कधी जमलेलं नाही."

सगळ्यांनी पक्कडकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच डाव्या हाताची गरज पडली होती.

"तोवर इंजिन गारही होईल," ती म्हणाली.

काकांनी पट्टी शिकंज्यात आवळली. आत्यानं तिला जाड हातमोजे दिले. पक्कडनं सगळ्यात आखूड दातावर खडूनं खूण केली. त्याच्याइतके बाकीचे करायचे. कानस पुढे ढकलायची, उचलायची, पुन्हा पुढे. मागे ओढायची नाही. खर्र. खर्र. खर्र. प्रत्येक दाताला सात-आठ वेळा, मग कागद लावून बघायचं. काका शेजारी स्टुलावर बसले. "कोपर खाली. हं. खांद्यातून ढकल, बोटांतून नको." आजोबा अगदी हेच सांगायचे. पक्कडला वाटलं, सगळे कारागीर लहानपणी एकाच शाळेत गेले असावेत.

इकडे आत्यानं बाकीची तपासणी सुरू केली. प्लग काढला. टोक बदामी, म्हणजे इंजिन नीट खातंपितं. सायलेन्सर सोडवून भोकातून बॅटरीचा झोत मारला. पिस्टन गुळगुळीत, उभे ओरखडे नाहीत. मुठीखालचं एक रबर मात्र फाटलेलं निघालं.

"हे बदलावं लागेल," ती म्हणाली.

"ते मला माहीतच नव्हतं," काका ओशाळले. "त्याचे पैसे कापून घ्या."

काकूंनी दोनदा चहा केला. पंधराव्या दातापर्यंत पक्कडचा हात भरून आला होता आणि नाकावर लोखंडाची काळी रेघ उमटली होती. काकांनी इंजिनाला हात लावला. मग आत्यानं. मग मुद्दाम पक्कडला बोलावून तिचाही हात लावला.

"गार," ती म्हणाली.

मशीन जमिनीवर ठेवलं. पक्कड आणि काकू लांब, पायरीवर. आत्यानं साखळीचा ब्रेक लावला, मागच्या मुठीच्या कडीत पाय रोवला, चोक ओढला आणि दोरी खेचली. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. काकांनी लोकरी पट्टा मुठीत घट्ट धरला. तिसऱ्यांदा इंजिन एकदा ठसकलं आणि गप्प झालं. पक्कडच्या डोक्यात आजोबांचे चाळीस झटके मोजले जाऊ लागले.

"आता चोक आत," काका पुटपुटले. "ठसका दिला की चोक आत."

आत्यानं चोक आत ढकलला, चौथ्यांदा दोरी ओढली आणि अंगण आवाजानं भरून गेलं. आवाज एकसारखा, न अडखळणारा. ब्रेक सोडला तरी मंद गतीला साखळी जागच्या जागी उभी, असायला हवी तशीच. आत्यानं पट्टीचं टोक कोऱ्या कागदावर धरून वेग वाढवला, तर कागदावर तेलाची बारीक रेघ उठली. तेलही पोचत होतं. मग ती ओंडक्याकडे वळली. भुशाचा फवारा उडाला आणि चकती खाली पडली. आत्यानं मशीन बंद केलं.

कुणीच उचलेना. शेवटी काकांनीच वाकून चकती उचलली, बोटं कडेवरून गोल फिरवली. पूर्ण एक फेरा. मग पुन्हा एक फेरा, उलट्या दिशेनं.

"सगळीकडे सारखी," ते म्हणाले.

आत्या वाट बघत होती. तिनं विचारलं नाही, पण पक्कडला ऐकू आलं. आता विकाल का?

काकांनी मशीन उचलून बघितलं. डाव्या हातानं उचललं, उजवा मुठीपर्यंत नेला. मनगट थरथरलं. त्यांनी ते अलगद खाली ठेवलं.

"ते तरुण आहे," ते म्हणाले. "त्याला पेटीत का बसवू? घेऊन जा. आठ हजार."

"नाही काका," आत्या म्हणाली. "आठ वाकड्या मशीनचे होते. हे सरळ कापतं. बारा तरी होतील."

आत्याकडे दहाच आहेत, हे पक्कडला माहीत होतं. तिनं डोळे मोठे केले.

"मी आठ लिहिलेत. फळ्यावर लिहिलंय. माझी जबान आहे ती."

"मग माझीही आहे. दहा आहेत माझ्याकडे, दहा घ्या. उरलेल्याचं पुढे बघू."

"आठ."

"दहा!"

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "बाजारात माणसं उलट भांडतात. तुम्ही दोघं सुलट जन्मालाच आला नाहीत काय?"

"रबराचे पैसे कापायचे आहेत," पक्कड म्हणाली. "आणि धार लावल्याची मजुरी."

तिघांनी वळून बघितलं.

"रबर अडीचशे, मजुरी अडीचशे. दहातून पाचशे गेले, साडेनऊ. वर्षभरानं तुम्ही दोघं रस्त्यात भेटलात, तर साडेनऊला कुणाला पलीकडे जावंसं वाटेल?"

काकांनी विचार केला. आत्यानंही केला.

"मला नाही," काका म्हणाले.

"मलाही नाही."

"मजुरी मात्र हिच्या हातात द्यायची," काका म्हणाले. "डाव्या."

व्यवहार झाला. पेटी काकांनी तशीच देऊन टाकली, वर दोन जुन्या कानशी. आत्याला त्यांनी दाराशी थांबवून शाळेच्या झाडांबद्दल विचारलं. कोपऱ्यातलं मोठं झाड कुठल्या बाजूला कललंय, दोर कुठून घालणार, सोमवारी वारा कुठला असेल. बघायला येईन म्हणाले. नुसतं बघायला, हातबित लावणार नाही. "येतील आणि बोलल्याशिवाय राहायचे नाहीत," काकू म्हणाल्या. "आलात तर बरंच होईल," आत्या म्हणाली आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं.

पक्कड टेबलाशी रेंगाळली होती. तिथे दोन्ही चकत्या शेजारी शेजारी पडल्या होत्या.

"काका, यातली एक मी घेऊ?"

"घे की. सरळ घे. तुझ्या हातची आहे."

पक्कडनं सरळ चकती काकांच्या रिकाम्या टेबलावर, पेटी होती त्या जागी ठेवली आणि वाकडी पिशवीत टाकली.

घरी आजोबा खाटेवर टेकून बसले होते. पावलं ऐकताच ताठ झाले. "काय गं? गार होतं का? सुरू झालं का? कितीला पडलं? बोल लवकर, मी इथे सकाळपासून कूस बदलतोय."

पक्कड खाटेच्या कडेला बसली, पिशवीतून चकती काढली आणि आजोबांच्या दोन्ही तळव्यांत ठेवली.

"आधी हात लावा, आजोबा," ती म्हणाली. "मग विचारा."